एकाचे अति, दुसऱ्याचा उपास

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने माती आणि खत या विषयावर लिहावे, हे कित्येकांना विचित्र वाटेल. वार्षिकात आमच्याकडून अपेक्षा असते ती कवितेची, सहलीच्या वर्णनाची, फार तर हुंड्यावरच्या एखाद्या लेखाची. मातीतले जस्त आणि लोह हा विषय कृषी महाविद्यालयाचा, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण मित्रहो, आपल्याच वर्गात एकदा नजर फिरवून पाहा. बाकांवर बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरी सातबारा आहे. मग तो दहा एकरांचा असो की दीड एकराचा. ज्या जमिनीच्या उत्पन्नातून आपली फी भरली जाते, तिच्या पोटात काय चालले आहे हे समजून घेण्याची जबाबदारी फक्त विज्ञानवाल्यांची, हे कोणी ठरवले?

शिवाय हा विषय आमच्या अभ्यासक्रमात नाही असेही नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात उत्पादनाचे चार घटक येतात: भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजक. त्यातली भूमी म्हणजे एकरांत मोजायची एक मुकी वस्तू. पुढे घटत्या उत्पादनफलाचा नियम येतो आणि त्याचे उदाहरण बहुधा खताचेच असते. पहिल्या पोत्याने उत्पन्न पुष्कळ वाढते, दुसऱ्याने त्याहून कमी, तिसऱ्याने जेमतेम, आणि पुढे वाढ थांबते. आलेखावर ती रेघ कशी वाकते हे आम्ही परीक्षेत व्यवस्थित काढून दाखवतो. पण ती वाकते का? तिसऱ्या पोत्याला पीक दाद का देत नाही? याचे उत्तर अर्थशास्त्राच्या पुस्तकात मिळत नाही. ते मातीत आहे, आणि ते कळल्याशिवाय तो नियमही पुरता कळत नाही, असे माझे मत आहे.

हे उत्तर तसे जुने आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत कार्ल स्प्रेंगेल याने ते प्रथम मांडले आणि युस्टस फॉन लीबिग याने ते जगभर पोहोचवले. लीबिगचा शेती व रसायनशास्त्रावरचा प्रसिद्ध ग्रंथ १८४० सालचा. सांगणे सोपे होते. पिकाला अनेक अन्नद्रव्ये लागतात आणि त्यांपैकी जे सर्वांत अपुरे असेल, ते उत्पन्नाची मर्यादा ठरवते. बाकीची कितीही ओता, उपयोग शून्य. शिक्षक हे समजावताना लाकडी पिंपाचे उदाहरण देतात. पिंपाच्या फळ्या कमीजास्त उंचीच्या असतील, तर पाणी सर्वांत आखूड फळीपर्यंतच राहणार. नत्राची फळी आभाळाला भिडवली तरी जस्ताची फळी वीतभर असेल तर पाणी तिथूनच सांडणार.

आज शास्त्रज्ञ पिकाला आवश्यक अशी सतरा मूलद्रव्ये मानतात. कार्बन, हायड्रोजन व प्राणवायू ही हवापाण्यातून मिळतात. नत्र, स्फुरद, पालाश, चुना, मॅग्नेशियम आणि गंधक ही जास्त प्रमाणात लागतात. उरलेली आठ, म्हणजे लोह, जस्त, मंगल, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन व निकेल, ही सूक्ष्म अन्नद्रव्ये. 'सूक्ष्म' हा शब्द इथे प्रमाणाला लावला आहे, महत्त्वाला नव्हे. एक क्विंटल धान्यात जस्त असते अवघे दोन ते चार ग्रॅम. चिमूटभरच म्हणा ना! पण तेवढे नसेल तर रोपाची वाढच खुंटते, पेरे आखूड राहतात, पाने लहान पडतात. आपल्या आया भाजीत मीठ घालतात तेही चिमटीनेच; म्हणून मीठ बिनमहत्त्वाचे ठरत नाही.

इथपर्यंतची गोष्ट आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवरच्या रंगीत फलकांनी ती घरोघर पोहोचवली आहे. माझा मुद्दा याच्या पुढचा आहे. पिंपाच्या फळ्या एकमेकींना ढकलत नाहीत. मातीतली अन्नद्रव्ये मात्र ढकलतात! एक वाढले की दुसऱ्याला दाबते, तिसऱ्याला सोडवते, चौथ्याला बांधून ठेवते. माती हे एकत्र कुटुंब आहे. तिथे थोरल्याच्या ताटात फार वाढले तर धाकट्याला नुसते कमी मिळत नाही, कधी कधी त्याच्या हातचा घासही जातो. हे नाते समजून न घेता 'काय कमी आहे ते टाका' एवढेच सांगणे म्हणजे अर्धे शास्त्र सांगणे, आणि अर्धे शास्त्र गरिबाला महाग पडते.

स्फुरद आणि जस्त यांचेच नाते पाहा. डीएपीच्या पोत्यात शेकडा १८ भाग नत्र आणि ४६ भाग स्फुरद असते. जमिनीत मुळातच जस्त कमी असेल आणि वर्षानुवर्षे स्फुरद भरपूर पडत राहिला, तर पिकात जस्ताची टंचाई उघडी पडते. याची कारणे एकाहून अधिक आहेत. स्फुरदाने रोप जोमाने वाढते आणि असलेले थोडे जस्त त्या वाढलेल्या अंगात विरळ होते. मुळांशी सहजीवन करणारी एक बुरशी दूरच्या कणांमधले जस्त रोपाला आणून देत असते. स्फुरद फार झाला की रोपाला तिची गरज उरत नाही आणि ती मुळांवर कमी वाढते. उलट बाजूने, जस्त कमी पडले की रोपाचा स्फुरद घेण्यावरचा ताबा सुटतो आणि तो पानांत नको इतका साठतो. म्हणजे एकाचे अजीर्ण आणि दुसऱ्याचा उपास एकाच पानात! यात आणखी एक व्यवहारातली गोष्ट अशी की डीएपी आणि झिंक सल्फेट एकत्र कालवून टाकू नये, असे कृषी तज्ज्ञ सांगतात, कारण दोहोंचे मिळून न विरघळणारे झिंक फॉस्फेट होते. दोन खतांचे पैसे देऊन पदरात दगड पडावा, तसा हा प्रकार.

जस्ताच्या टंचाईने आपल्या देशात केवढा गोंधळ घातला होता, याची कथा वाचण्यासारखी आहे. साठोत्तरी काळात उत्तर प्रदेशच्या तराई भागात (तो भाग आज उत्तराखंडात येतो) भातावर एक विचित्र रोग आला. पानांवर काताच्या रंगाचे तपकिरी डाग पडत, रोपे खुरटत. लोक त्याला 'खैरा' म्हणत. पंतनगरच्या कृषी विद्यापीठातील डॉ. य. ल. नेने यांनी १९६६ साली दाखवून दिले की हा किडीचा वा बुरशीचा रोग नसून जस्ताची उणीव आहे. उपायही साधा निघाला: हेक्टरी पाच किलो झिंक सल्फेट आणि अडीच किलो चुना पाण्यात मिसळून फवारायचा. रोग म्हणून जे वर्षानुवर्षे औषधाने हटले नसते, ते भुकेला अन्न देताच हटले. निदान चुकले असते तर किती शेतकऱ्यांचे पैसे पाण्यात गेले असते, याचा विचार करावा.

आता आपल्या काळ्या मातीकडे येऊ. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली ही जमीन लोहाने गरीब नाही. एका हेक्टरच्या वरच्या वीतभर थरात लोह टनांनी मोजावे लागेल, आणि पिकाला लागते किलोच्या हिशेबात. तरीही याच जमिनीत ऊस पांढरट पिवळा पडतो. भुईमुगाची, सोयाबीनची कोवळी पाने पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी म्हणतो, उसावर केवडा पडला. शब्द किती सुंदर, आणि दुखणे किती वाईट! घरात धान्याची कणगी भरलेली आणि किल्ली हरवलेली, अशी त्या रोपाची अवस्था असते.

ही किल्ली कोणी हरवली? चुनखडीने. चुनखडीच्या जमिनीचा सामू आठाच्या आसपास किंवा वर असतो. सामू एक अंकाने वाढला की जस्ताची विद्राव्यता सुमारे शंभर पटीने आणि लोहाची सुमारे हजार पटीने घटते. त्यात पाण्याचा निचरा नसला की आणखी भर पडते. मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड कोंडून राहतो, त्यात चुना विरघळतो, बायकार्बोनेट तयार होते आणि ते मुळांना लोह घेऊ देत नाही. म्हणूनच सलग पाऊस लागला, शेतात पाणी तुंबले की भुईमूग पिवळा पडतो आणि वाफसा आला की पुष्कळदा तो आपोआप हिरवा होऊ लागतो. अशा वेळी पहिले औषध चर खणून पाणी काढणे हे आहे, बाटली नंतर. ज्याच्या खिशात बाटलीचे पैसे नाहीत, त्याच्याही हातात कुदळ असते. पण हे त्याला सांगणारे कोण आहे? कुदळीचा नफा कोणत्याच दुकानदाराला मिळत नाही.

याच्या उलटही घडते. भाताच्या खाचरात पाणी साचले की प्राणवायूअभावी लोहाचे रूप बदलते आणि ते अधिक विरघळते, तर जस्त मात्र दुर्लभ होते. जे पाणी काळ्या रानातल्या भुईमुगाला लोहाची टंचाई घडवते, तेच पाणी भाताला लोह पुरवते आणि जस्त हिरावते. मॉलिब्डेनमची तर तऱ्हाच न्यारी. लोह, जस्त, मंगल, तांबे ही आम्लधर्मी जमिनीत मोकळी होतात. मॉलिब्डेनम तिथे अडकते आणि चुना घातल्यावर सुटते. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींना हवेतला नत्र बांधण्यासाठी तेच लागते. १९४२ साली ऑस्ट्रेलियात ए. जे. अँडरसन यांनी दाखवले की क्लोव्हरच्या ज्या कुरणांची वाढ खुंटली होती, ती एकराला नुसत्या काही ग्रॅम मॉलिब्डेनमने तरारून उठली. तेव्हा कोकणातल्या तांबड्या, आम्लधर्मी जांभ्याच्या जमिनीला जो सल्ला लागू, तो देशावरच्या चुनखडीच्या जमिनीला लागू पडणार नाही. एकाच राज्यात, घाटाच्या एका बाजूचे पथ्य दुसऱ्या बाजूचे कुपथ्य ठरते.

एवढे सगळे सांगितल्यावर माझा पहिला आक्षेप मांडतो. तो आपल्या खतांच्या धोरणावर आहे. १ एप्रिल २०१० पासून केंद्र सरकारने अन्नद्रव्यावर आधारित अनुदान सुरू केले. कल्पना चांगली होती: पोत्याला नव्हे, पोत्यातल्या अन्नद्रव्याला अनुदान. पण युरिया त्यातून बाहेर ठेवला गेला आणि त्याची किंमत सरकारी आदेशाने स्वस्तच राहिली. जस्त मिसळलेल्या खताला त्या धोरणात जादा अनुदान ठरले ते टनामागे ५०० रुपये, म्हणजे ५० किलोच्या पोत्यामागे २५ रुपये. जो माणूस कर्ज काढून पेरणी करतो तो स्वस्त गोणी उचलणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. मग दर वर्षी नत्र वाढते, पीक अधिक उपसा करते, आणि ज्यांची नावे पोत्यावर नाहीत ती द्रव्ये मातीतून गुपचूप संपत जातात. देशभर तपासलेल्या मातीच्या नमुन्यांत शंभरातील सुमारे पस्तीस-छत्तीस नमुने जस्ताला कमी निघाले आहेत. आमच्या आलेखातली ती वाकलेली रेघ कुठून येते, याचे एक कारण इथे सापडते. शेतकरी आळशी म्हणून ती वाकत नाही. एक फळी उंच करताना आपण दुसरी कापत आलो, म्हणून वाकते.

दुसरा आक्षेप 'सर्वसमावेशक' मिश्रणांवर आहे. जमिनीतून द्यायचे आणि फवारायचे असे सूक्ष्म अन्नद्रव्यांचे दोन ग्रेड आपल्या राज्यात ठरलेले आहेत आणि त्यांचा उपयोग होतच नाही असे मी म्हणणार नाही. माती न तपासता, काहीतरी कमी असेल म्हणून सर्व काही द्यायचे, या वृत्तीला माझा विरोध आहे. ज्या शेताला फक्त जस्त हवे, त्याने तांबे, लोह आणि मंगल यांचेही पैसे का मोजावेत? बरे, ते नुसते वायाच जाते असेही नाही. जस्त आणि तांबे मुळांच्या एकाच दारातून आत शिरायला धडपडतात. मंगल फार झाले तर लोहाची वाट अडते. बोरॉनचे तर गरज आणि विष यांतले अंतरच थोडे: एका पिकाला पुरेसे ते दुसऱ्याला जाचक होऊ शकते. 'अति तेथे माती' ही म्हण आपण भाषेच्या तासाला शिकलो. इथे ती अक्षरशः मातीलाच लागू पडते.

हे वाचून कोणी म्हणेल, 'म्हणूनच आम्ही सांगतो, ही वरखते सोडा आणि शेणखताकडे परत चला.' या विचाराबद्दल मला आदर आहे, आणि त्यात मोठे तथ्यही आहे. कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतली आम्ले लोह-जस्ताला आपल्या कुशीत धरून विद्राव्य ठेवतात. म्हणून फेरस सल्फेट चुनखडीच्या रानात तसेच फेकण्याऐवजी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून द्यावे असे सांगतात. तसेच फेकले तर थोड्याच दिवसांत ते गंजून निरुपयोगी होते. पण केवळ शेणखताने सर्व भागेल, ही समजूत मात्र खरी नाही. ज्या तराईत खैरा आला, ती जमीन नुकतीच जंगल तोडून काढलेली, सेंद्रिय अंशाने समृद्ध होती. तरी तिथे जस्त कमी पडले! आणि दुसरे असे, की ज्या रानाच्या चाऱ्यातच जस्त नाही, त्या रानाच्या जनावरांच्या शेणात ते येणार कोठून? उणीव गोल फिरून परत त्याच शेतात येते. जुने ते सर्व सोने आणि नवे ते सर्व विष, असे म्हणण्याने सभा जिंकता येते, पीक नाही.

मात्र आपल्या वाडवडिलांच्या शेतीत एक शब्द होता, तो मला फार मोलाचा वाटतो: बेवड. आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला गुण, म्हणजे बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला, अमक्याचा वाईट, असे जाणती माणसे सहज बोलतात. एक पीक दुसऱ्यासाठी माती बदलून ठेवते, हे ज्ञान या तीन अक्षरांत साठवलेले आहे. आता आधुनिक शास्त्र काय सांगते ते ऐका. मका, गहू यांसारखी गवतवर्गीय पिके लोह कमी पडले की मुळांतून एक विशिष्ट द्रव्य सोडतात आणि ते मातीतले अडकलेले लोह पकडून आणते. भुईमुगाला ही विद्या येत नाही. उत्तर चीनमधल्या चुनखडीच्या जमिनीत शास्त्रज्ञांनी मका आणि भुईमूग शेजारी शेजारी लावून पाहिले, तेव्हा मक्याच्या मुळांशी मुळे मिसळलेला भुईमूग हिरवा राहिला आणि एकटा लावलेला पिवळा पडला. हे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. शेजारधर्म केवळ माणसांतच असतो असे नाही! आंतरपीक घेणारे आपले आजे-पणजे हे रसायन जाणत नव्हते. पण त्यांची नजर पिकांच्या संबंधांवर होती. आपण पोती मोजू लागलो आणि संबंध विसरलो.

हा प्रश्न शेताच्या बांधावर थांबत नाही, तो आपल्या ताटात येतो. बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद इराणमध्ये काम करत असताना त्यांच्यासमोर अशी तरुण मुले आली, जी वयाने वाढली होती पण शरीराने लहान मुलांसारखी राहिली होती. १९६१ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी त्याविषयी लिहिले आणि त्यामागे जस्ताची उणीव असावी असा विचार मांडला. पुढे १९६३ च्या सुमारास इजिप्तमधील अभ्यासाने तो खरा ठरला. ही मुले मुख्यतः रोटीवर जगत. धान्यातले फायटेट नावाचे द्रव्य जस्ताला बांधून ठेवते आणि शरीराला मिळू देत नाही. म्हणजे मातीत जी ओढाताण चालते, तीच माणसाच्या पोटातही! दूध, अंडी, मांस, डाळ ज्याच्या ताटात आहे तो सावरतो. भाकरी-चटणीवर दिवस काढणाऱ्याला सावरायला वाव नाही. तेव्हा जमिनीतली उणीव सर्वांना सारखी भोवत नाही. ती गरिबाच्या मुलाच्या उंचीत दिसते.

यावर उपाय नाहीत असे मुळीच नाही. तुर्कस्थानातील मध्य अनातोलियात १९९३ पासून गव्हाच्या शेतांवर मोठा प्रकल्प राबवला गेला. तिथेही जमीन चुनखडीची आणि जस्त दुर्मीळ. खतातून जस्त देताच उत्पन्न वाढले, दाण्यातले जस्तही वाढले आणि जस्तयुक्त खत तिथल्या शेतकऱ्यांच्या नित्य वापरात आले. आपल्याकडे इक्रिसॅट आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्याने लोहाचे प्रमाण अधिक असलेला 'धनशक्ती' हा बाजरीचा वाण २०१२ साली महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. ज्ञान आहे, वाण आहेत, खतेही आहेत. अडते ते ज्ञान आणि शेत यांच्या मधल्या वाटेवर.

ती वाट म्हणजे मृदा आरोग्य पत्रिका. ही योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे सुरू झाली. पत्रिकेवर बारा गोष्टी मोजून येतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. कल्पना उत्तम आहे. पण त्या बारांत चुनखडी नाही! ज्या महाराष्ट्रात लोहाच्या टंचाईचे मूळ कारण चुनखडी आहे, तिथे हे म्हणजे ताप मोजायचा आणि तापाचे कारण विचारायचे नाही, असे झाले. आपल्या राज्यापुरता तरी हा तेरावा रकाना सक्तीचा व्हावा, अशी माझी पहिली मागणी आहे. दुसरी मागणी ही की पत्रिकेवरचा सल्ला एकेका द्रव्याचा सुटा सुटा न देता त्यांचे नाते ध्यानात घेऊन लिहावा. 'स्फुरद भरपूर, जस्त कमी' असे दोन रकान्यांत लिहिलेले असेल, तर खाली स्पष्ट मराठीत एक वाक्य हवे: 'यंदा डीएपी कमी करा, त्या पैशातून जस्त द्या आणि दोन्ही एकत्र मिसळू नका.' एवढ्या एका वाक्याने पत्रिका कागदाची शेतकऱ्याच्या कामाची होईल.

आणि तिसरी मागणी सरकारकडे नाही, ती आपल्याकडे आहे. माझ्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. आमच्या शेताची पत्रिका घरात आहे. सातबारा, पावत्या यांच्यासोबत ती पत्र्याच्या पेटीत ठेवलेली असते. वडिलांना जमीन कळते. ढेकूळ हातात घेऊन ते वाफसा सांगतात आणि तो चुकत नाही. पण जस्ताच्या रकान्यात ०.४ लिहिलेले असेल तर ते पुरेसे की कमी, हे ढेकळावरून कळत नाही. दहा लाख भागांत ०.६ भाग ही साधारण सीमा मानतात. त्याखाली गेले की जस्त द्यावे. हेक्टरच्या वीतभर थराची माती धरली तर हा हिशेब होतो जेमतेम सव्वा किलोचा. हा गुणाकार शाळेतला आहे. तो करायला बी. एस्सी. लागत नाही, वाचता येणारा आणि घरच्यांना पटेल अशा शब्दांत सांगणारा माणूस लागतो. मला वाटते, कला शाखेचे खरे काम तेच आहे. भाषा शिकायची ती कशासाठी? एकाचे ज्ञान दुसऱ्यापर्यंत पोहोचावे म्हणूनच ना?

दर वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेचे आपले सात दिवसांचे शिबिर एखाद्या खेड्यात भरते. आपण रस्ते झाडतो, भिंतींवर घोषणा रंगवतो, रात्री पथनाट्य करतो, आणि आठव्या दिवशी एस.टी.त बसून परत येतो. ती कामे वाईट नाहीत. पण यंदाच्या शिबिरात त्यातला एक दिवस तरी घरोघर जाऊन पेटीतल्या पत्रिका बाहेर काढण्यासाठी द्यावा. प्रत्येक पत्रिका घरातल्या माणसांसमोर वाचावी. काय कमी, काय जास्त, कोण कोणाला दाबते हे त्यांच्या बोलीत सांगावे. जिथे आपल्याला कळत नाही तिथे जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला पत्र लिहून विचारावे आणि आलेले उत्तर त्या घरी पोहोचते करावे. ज्याच्याकडे पत्रिकाच नाही, त्याच्या शेतातला मातीचा नमुना रीतसर काढून तपासायला पाठवावा. खर्च जवळजवळ नाहीच. त्याचा फायदा एखाद्या घरात एका अनावश्यक पोत्याइतका झाला, तरी शिबिराचे चीज झाले असे मी समजेन.

आपण शिकलो की शेतीतून सुटलो, असे आपल्याला लहानपणापासून सांगितले जाते. सांगणाऱ्यांच्या हाताला घट्टे असतात, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. पण सुटणारा प्रत्येक जण आपल्यासोबत वाचण्याची विद्या घेऊन जातो, आणि मागे उरतात न वाचलेले कागद. मातीत जस्त कमी पडले तर ते पोत्यातून आणता येईल. गावात वाचून सांगणारे कमी पडले तर ते कोणत्या दुकानातून आणायचे? ही उणीव भरून काढणे मात्र सर्वस्वी आपल्या हातात आहे, आणि त्याला कोणत्याही अनुदानाची गरज नाही.